आग्यामामाचा उन्हाळा

आग्यामामा आधी मारायचा आणि कारण मागून सांगायचा. हे मला कळलं ते त्याच्याच हातून. औरंगाबादला चिकलठाण्याच्या अलीकडे, कारखान्यांच्या मागच्या माळावर पत्र्याच्या घरांची एक वस्ती होती. तिथल्या प्राथमिक शाळेवर माझी नेमणूक झाली होती. चैत्र संपत आलेला, ऊन डोक्यावर आलेलं, आणि मी उघड्या डोक्यानं सायकल दामटत रुजू व्हायला निघालो होतो. वस्तीच्या तोंडाशी एक उंच, हडकुळा म्हातारा आडवा आला. त्यानं सायकलचं हँडल धरलं आणि एक शब्द न बोलता माझ्या कानाखाली अशी वाजवली, की मी सायकलसकट धुळीत पडलो. उठायच्या आत त्यानं मला बखोटीला धरून एका छपराखाली नेलं, डोक्यावर ओलं फडकं टाकलं, हातात मीठ घातलेल्या ताकाचा तांब्या दिला आणि मी तो रिकामा करेपर्यंत समोर उकिडवा बसून राहिला.

मी शाळेवरचा नवा मास्तर आहे हे सांगितल्यावर त्याचा चेहरा जरा पडला. "मास्तर हाय म्हून आधी सांगायचं की," तो म्हणाला. "हळू मारली आस्ती."

माझा गाल दिवस मावळेपर्यंत हुळहुळत होता. वस्तीतल्या बायकांना मात्र त्यात काही विशेष वाटलं नाही. कोणाला कुठं बसली होती हे त्या मला कौतुकानं सांगत होत्या. एकीच्या नवऱ्याच्या पोटरीवर अजून वळ होता. एका म्हातारीला त्यानं बकरीसारखं काखोटीला मारून सावलीला नेलं होतं आणि तिनं त्याच्या दंडाला कडकडून चावा घेतला होता. ती सखरामाय. ती स्वतः मला येऊन म्हणाली, की पहिल्याच दिवशी बसली ते बरं झालं, आता तुम्ही वस्तीचे झालात.

त्याचं नाव महादू. अजिंठ्याच्या डोंगराकडचा धनगर. तिकडं कड्यांना आग्या मोहोळं लोंबतात आणि एकदा उठली की माणसाला गाव सापडेपर्यंत पळवतात. वस्तीतल्या पोरांनी त्यावरून त्याला आग्यामामा केलं होतं आणि तो त्या नावाला ओ देत होता. एका कारखान्याच्या फाटकावर तो रात्रपाळीला राखणीला असे. दिवस त्याचे मोकळे होते. उन्हाळ्यात ते सगळे दिवस तो भांडणात घालवी.

त्याच्या रागाचं मूळ मला कळलं ते पुढच्या वर्षी, आम्ही दोघं दोरखंडाला पीळ देत बसलो होतो तेव्हा. मी विचारलं नव्हतं. तो आपणहून बोलला आणि बोलताना हात थांबवले नाहीत. मोठ्या दुष्काळात त्याची मेंढरं गेली. तो आणि त्याची बायको सरू सरकारी कामावर खडी फोडायला गेले. एका दुपारी सरू म्हणाली, डोळ्यापुढं अंधारी येते. तिथला मुकादम म्हणाला, माप पुरं झाल्याशिवाय हजेरी नाही. महादूनं त्याच्यापुढं हात जोडले, पाया पडला. मुकादम हसून दुसरीकडं गेला. सरू खडीच्या ढिगावरच आडवी झाली ती उठलीच नाही. तिचं अंग इतकं तापलं होतं, की त्याला तिच्या कपाळावर हात ठेववेना.

"हात जोडले मी," तो म्हणाला. "लई जोडले. जोडलेल्या हातानं तिच्यावर सावली बी धरता आली नाय, मास्तर."

मग त्यानं दोरखंडाचं टोक दातात धरलं आणि गाठ मारली. 

मी येण्याच्या आदल्या उन्हाळ्यात वस्तीतली माणसं उन्हानं गेली होती. एका घरातलं तान्हं लेकरू पाळण्यातच गेलं. वीटभट्टीवर जाणारा एक तरणा गडी कामावरून आला, पाणी मागितलं आणि तांब्या तोंडाला लावायच्या आत कोसळला. पत्र्याची घरं दुपारी तव्यासारखी तापत. आतल्या माणसाला बाहेर बरं वाटे आणि बाहेर तर आग. लोक रडले, माती दिली आणि पुन्हा कामावर गेले. आग्यामामानं मात्र ठरवलं, की आता वस्तीतलं माणूस उन्हानं मरू द्यायचं नाही, मग त्यासाठी कोणाचं हाड मोडलं तरी चालेल.

त्याची तयारी शिमग्याची राख थंड व्हायच्या आत सुरू होई. आधी घरांवरचे पत्रे. फुलंब्रीकडच्या शेतकऱ्यांकडून तो तुराट्या आणि उसाचं पाचट मागून आणी आणि प्रत्येक पत्र्यावर त्याचा जाड थर बांधायला लावी. ज्याला तेवढंही जमणार नाही त्यानं पत्र्याला चुना फासायचा. दारांना बारदान टांगायचं आणि ते ओलं ठेवायचं. दर चार घरांमागं एक रांजण. चुली घराबाहेर, वाऱ्याच्या उलट्या अंगाला, म्हणजे पाचटाला ठिणगी लागणार नाही. हे सगळं तो एकदाच सांगे.

किसन नावाचा एक गडी होता. नुकतं लग्न झालेला, बांधकामावर सेंट्रिंगच्या कामाला जाणारा, जरा ताठ. पाचटात साप होतात, माझ्या घरावर नको, असं तो म्हणाला. मामानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी किसन कामावर गेल्यावर तो पहार घेऊन त्याच्या घरावर चढला आणि एकेक पत्रा उचकटून खाली फेकला. किसनची बायको रुखमिन भांडीकुंडी कवटाळून दारात उभी राहिली आणि बघत राहिली. किसन आला तेव्हा घराला भिंती होत्या, छप्पर नव्हतं. तो लोखंडी पट्टी घेऊन मामाच्या अंगावर धावला. मामानं ती पट्टी त्याच्या हातातून हिसकली, त्याला दोन तडाखे दिले आणि मग त्याच्याबरोबर बसून सगळे पत्रे पुन्हा ठोकून दिले, वर वीतभर पाचट अंथरलं. किसन पुढं कित्येक दिवस त्याच्याशी बोलला नाही. रुखमिन मात्र मामाला पाहिलं की डोक्यावरचा पदर सारखा करी आणि हसे.

वस्तीच्या टोकाला एक हातभट्टीचा अड्डा होता. भर दुपारी पिऊन माणसं उघड्यावर झिंगून पडत आणि ऊन त्यांना तिथंच गाठी. मामानं अड्डेवाल्याला दुपारी विकू नको म्हणून एकदा बजावलं. तो हसला. मामानं आपला कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या मडक्यांत घातला. अड्डेवाल्यानं सुरा काढून मामाच्या मांडीत खुपसला. मी पोचलो तेव्हा मामा आपलाच रुमाल मांडीला आवळत होता, धोतर लाल झालं होतं, आणि राहिलेली मडकी तो एकेक करून फोडत होता. शेवटचं मडकं फुटल्यावरच तो खाली बसला. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, आता दवाखान्यात न्यायचं तर न्या.

आमची शाळा भरायची ती जुन्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यात. निजामाच्या वेळची दगडी इमारत, हातभर जाडीच्या भिंती. पोलीस ॲक्शन झाली, करोडगिरी गेली आणि पुढं तिथं मुलं बसू लागली. साऱ्या माळावर दुपारी थंड राहील अशी तेवढीच एक जागा होती. सुट्टीत ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि बाळंतिणींना उघडून द्या, असं मामाचं म्हणणं. मी वर लेखी परवानगी मागितली. उत्तर येत नव्हतं आणि वैशाख येत होता. एका सकाळी मला शाळेकडून ठोके ऐकू आले. मामानं धोंड्यानं कुलूप फोडलं होतं आणि बायका आत सडा शिंपत होत्या. त्यानं ते चेपलेलं कुलूप माझ्या हातात दिलं.

"सायबाला द्या," तो म्हणाला. "म्हनावं आग्यानं फोडलं. मास्तर नगं म्हनत व्हते."

साहेब पुढं आले, ओळीनं झोपलेली म्हातारी माणसं पाहिली, रांजणातलं पाणी प्याले आणि कुलपाचा विषय न काढता गेले.

सगळ्यांत मोठी भांडणं पाण्याची. टँकर दिवसाआड यायचा आणि उताराला एक दुसरी वस्ती होती, तिथून तो वर चढायचा. एकदा खालच्या वस्तीतल्या पोरांनी रस्त्यावर दगड रचले आणि टँकर तिथंच अडवला. आमचे रांजण कोरडे पडले होते. मामा काठी घेऊन उतरला, त्याच्यामागं आमचे गडी. मी त्यांना आवरायला गेलो आणि मधोमध सापडलो. घागरी, दगड, काठ्या, जे हाताला येईल ते चाललं होतं. टँकरची तोटी कोणीतरी उघडली होती आणि पाणी मातीत चाललं होतं, त्या चिखलात माणसं एकमेकांवर पडत होती. मामाच्या तोंडावर घागर बसली आणि त्याचे पुढचे दोन दात गेले. त्यानं खालच्या वस्तीच्या म्होरक्याच्या खांद्यावर काठी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

त्या म्होरक्याची आई तेव्हा बाहेर आली. तिच्या हातावर एक पोरगी होती, मान टाकलेली, ओठ फाटलेले. दोन दिवस घरात पाणी नव्हतं, ती म्हणाली. मामानं तोंडातलं रक्त थुंकलं आणि पोरीच्या अंगाला हात लावून पाहिला. मग त्यानं टँकरवाल्याला सांगितलं, की अर्धा इथं रिकामा कर. आमचे गडी खवळले. एवढा मार खाऊन पाणी यांना द्यायचं? मामा वळला आणि त्यानं आपल्याच माणसांना झोडपायला सुरुवात केली. आधी जो बोलला त्याला, मग जो त्याच्या शेजारी होता त्याला. टँकर अर्धा तिथं रिता झाला, उरलेला वर आला. ती पोरगी जगली. पुढं खालच्या वस्तीनंही घरांवर पाचट टाकलं. मामाचे दात पडलेले तसेच राहिले आणि तो 'स' म्हणायला गेला की शीळ वाजे. कोणी हसलं तर तो त्यालाही मारी.

मग तो वैशाख आला.

तसा उन्हाळा मी पुन्हा पाहिला नाही. सकाळीच वारं गरम सुटे आणि दिवस वर आला की त्याच्या झळांनी डोळे उघडेनात. कडुनिंबावरून साळुंक्या खाली पडत. खुराड्यातल्या कोंबड्या माना टाकून मरत. दुपार झाली की मामा दोन बोटं तोंडात घालून धनगरी शीळ घाली आणि वस्ती आत जाई. न जाणाऱ्याच्या पोटरीवर काठी. शाळेत पाय ठेवायला जागा नसे. मामा दारात उभा राहून मेंढरं मोजावीत तशी माणसं मोजी.

त्या दिवशी मोजताना माणसं कमी भरली. किसन, रुखमिन आणि आणखी पाच-सहा घरांतले गडी आणि बाया. सखरामाय म्हणाली, की पलीकडं गोदाम बांधतात, त्याचा आज स्लॅब आहे, गुत्तेदारानं गाडी पाठवून सगळ्यांना नेलं. मामानं रुमाल पाण्यात बुडवून डोक्याला गुंडाळला आणि चालू लागला. मी पाण्याची कळशी घेऊन त्याच्या मागं निघालो. माळ ओलांडताना चपलेतून पाय पोळत होते.

गोदामापाशी मिक्सर मशीन घरघरत होतं. खालपासून वरपर्यंत बल्ल्यांच्या मांडवावर माणसांची ओळ लागली होती आणि मालाची घमेली हातोहात वर चढत होती. सावली कुठंच नव्हती. गुत्तेदाराचा मुकादम छत्री धरून उभा होता. मी त्याला विनवलं. तो माझ्याशी नीट बोलला. स्लॅब एकदा धरला की अर्ध्यात सोडता येत नाही, तो म्हणाला, सांधा राहतो, सगळं वाया जातं, दिवस कलला की संपेल, मग सगळ्यांना पेढे.

तेवढ्यात वर रुखमिन हसायला लागली. एकटीच, मोठ्यानं, काहीतरी बरळत. तिचा चेहरा लाल कोरडा झाला होता, घामाचा थेंब नव्हता. मग तिच्या हातातलं घमेलं सुटलं आणि ती ओल्या मालात गुडघ्यांवर पडली. मुकादमानं छत्री न हलवता सांगितलं, की तिला बाजूला घ्या आणि ओळ जोडा. किसन तिच्यापासून दोन हातांवर होता. तो हातात भरलेलं घमेलं घेऊन तसाच उभा राहिला, एकदा बायकोकडं बघत आणि एकदा मुकादमाकडं.

 दगड फोडायचा घण पडला होता, तो मामानं उचलला आणि मिक्सरच्या इंजिनावर घातला. पट्टा तुटला, चाक निखळलं, काळं तेल उसळून त्याच्या छातीवर आलं. तो घालतच राहिला, यंत्र गप्प होईपर्यंत. मुकादम छत्री टाकून धावला. मामानं खालचं घमेलं उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. मुकादमाचा जबडा एका बाजूला गेला आणि तो गुरासारखा ओरडला. मग त्याची माणसं सळया घेऊन आली. मी मध्ये पडलो, माझ्या खांद्यावर सळई बसली आणि मी खाली गेलो. सळया मामाच्या पाठीवर, डोक्यावर, मांडीवर पडत होत्या. खाली पडल्या पडल्या तो एवढंच ओरडत होता, "तिला न्या. आधी तिला न्या."

किसननं हातातलं घमेलं भिरकावलं ते थेट त्या सळईवाल्यांवर. मग वरच्या सगळ्यांनीच फेकली. माल भरलेली घमेली वरून दगडांसारखी पडू लागली, माणसं डोकी धरून पळाली. त्या धुमाकुळात किसननं रुखमिनला खांद्यावर टाकलं आणि आम्ही माळावरून शाळेकडं धावलो.

रुखमिनचं अंग तव्यासारखं झालं होतं. आम्ही तिला फरशीवर ठेवलं, ओली बारदानं गुंडाळली, बायका सुपांनी वारा घालू लागल्या, बारदानं सुकली की पुन्हा पाणी. किसन तिचे तळपाय चोळत होता आणि तिला शिव्या देत होता. बऱ्याच वेळानं ती ओकली आणि लहान मुलासारखी रडायला लागली. ते रडणं ऐकून सगळ्यांचा जीव खाली पडला. तेव्हा सखरामाय म्हणाली, "म्हादू कुठंय?"

त्यानंतर जे झालं ते मी थांबवू शकलो नसतो आणि थांबवलंही नसतं. वस्तीनं बत्ते, काठ्या, कोयते, पाट्यावरचे वरवंटे घेतले. उंबऱ्याबाहेर पाय टाकला म्हणून ज्यांनी ज्यांनी मामाचा मार खाल्ला होता, ती सगळी माणसं त्या दुपारी बाहेर पडली, म्हाताऱ्या बायकासुद्धा.

मामाला मुकादमाच्या माणसांनी उन्हात बल्लीला बांधून ठेवला होता. दोर नव्हता, सळया बांधायची तार होती, ती मनगटांत रुतली होती. पोलीस येईतो राहू दे, असं म्हणून ते सावलीला बसले होते. आम्हाला पाहून त्यांतले बरेच पळाले, पण दोघं सापडले. त्यांना लोकांनी जे मारलं ते मी इथं लिहीत नाही. मी मामाकडं गेलो. डोक्यातलं रक्त वाळून कातडीला चिकटलं होतं. डोळे पांढरे. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात त्यानं मान उचलली, समोर उभी असलेली अख्खी वस्ती पाहिली आणि फाटक्या ओठांनी म्हणाला, "घरात व्हा रे. ऊन लई हाय." मग त्यानं नावं घेऊन एकेकाला शिव्या द्यायला सुरुवात केली. कोण डोक्याला न बांधता आलं, कोणी लेकरू कडेवर आणलं, सगळं त्याला दिसत होतं. किसन पकडीनं तार तोडत होता आणि सखरामाय आपला पदर दोन्ही हातांनी ताणून त्याच्या डोक्यावर धरून उभी होती. शिव्या देता देताच तो आमच्या अंगावर कोसळला.

तो दवाखान्यात बरेच दिवस तापात होता. जगला. पण यंत्र मोडलं होतं आणि मुकादमाचा जबडा मोडला होता, आणि ते त्यानं केलं नाही असं कोणीच म्हणू शकत नव्हतं. त्यानं स्वतः कोर्टात सांगितलं, की हो, मीच. दवाखान्यातून तो सरळ हर्सूलच्या तुरुंगात गेला. आम्ही भेटायला गेलो, की तो फक्त रांजणांची चौकशी करी. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. तारेनं आतली शीर तुटली होती.

पुढच्या शिमग्याआधी तो सुटून आला. आला तेव्हा सगळ्या घरांवर पाचट पडलं होतं. तो वस्तीभर फिरला, मान वर करून एकेक छप्पर पाहिलं आणि किसनच्या घरावरचा थर पातळ आहे म्हणून डाव्या हातानं त्याला एक लगावली. किसननं गुपचूप घेतली.

त्याच उन्हाळ्यात, एका दुपारी, रस्त्याच्या कामावरचे दोन मजूर हातगाडीवर एक माणूस घालून शाळेपाशी आले. ऊन लागलेला माणूस कुठं न्यायचा हे आता चिकलठाण्यापर्यंत सगळ्यांना माहीत झालं होतं. आम्ही वाकून पाहिलं तर तोच मुकादम. जबडा वाकडा जुळलेला, बुबुळं वर गेलेली. किसन दार अडवून उभा राहिला. याला आत घ्यायचं नाही, तो म्हणाला, पडू द्या उन्हात. कोणी त्याच्या विरुद्ध बोललं नाही. मीही नाही बोललो. मामा आतून उठून आला. त्यानं हातगाडीवर कोण आहे ते पाहिलं आणि किसनला खांद्यानं ढकलून वाट काढली.

सारी दुपार तो त्या माणसापाशी बसला. मिटत नसलेल्या हातानं बारदान दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं पाणी शिंपायचं. वारा घालायला कोणी पुढं येईना, तेव्हा त्यानं रुखमिनकडं नुसतं पाहिलं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग सूप घेऊन बसली. दिवस कलताना मुकादमानं डोळे उघडले. त्याला बसता आलं, ताक पिता आलं. मग त्यानं समोरच्या माणसाला ओळखलं, तांब्या खाली ठेवला आणि हात जोडले.

"हात जोडू नको," मामा म्हणाला, आणि डावा हात पूर्ण मागं नेऊन त्याच्या थोबाडीत मारली. मुकादम भिंतीवर आपटला. मामानं तांब्या उचलून पुन्हा त्याच्या हातात दिला. "मेला आस्तास त मारायचं ऱ्हाऊन गेलं आस्तं," तो म्हणाला. "पी आता."

मुकादम रडत रडत ताक प्याला.

त्या पावसाळ्यानंतर मामाची नजर मंदावली. कारखान्यानं राखणीचं काम काढून घेतलं. अजिंठ्याकडून त्याचा धाकटा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. निघताना मामानं कोणाला जवळ घेतलं नाही की डोळ्यांतून पाणी काढलं नाही. एसटीच्या खिडकीतून तो किसनला रांजणांना भेग आहे का बघ, असं सांगत होता आणि गाडी सुटली तरी सांगत होता. पौषात निरोप आला, की थंडीत झोपेतच गेला.

आम्ही त्याच्या दिवसांना गेलो. किसन, रुखमिन, सखरामाय, आणखी थोडे आणि मी. डोंगराच्या पायथ्याला धनगरांची पाचपन्नास घरं. अंगणात घोंगड्या टाकल्या होत्या. भाऊ अगदी मऊ बोलणारा, वाकलेला माणूस होता. एवढी माणसं शहरातून आली म्हणून तो गोंधळून गेला होता. आमचा दादा तिकडं काय करायचा, असं त्यानं विचारलं, आणि आमच्यातलं कोणी बोलायच्या आत स्वतःच सांगायला लागला.

"लई गरीब मानूस," तो म्हणाला. "आमी भाऊ भाऊ भांडलो तरी हा उठून मेंढरामागं जायचा. जल्मात कोनावर हात नाय उचलला त्यानं."

 रुखमिनच्या मांडीवर तिची धाकटी मुलगी झोपली होती. तिनं तिला किसनकडं दिलं.

"आमाला लई मारलं त्यानं," ती म्हणाली, आणि पदर तोंडात कोंबून रडायला लागली.

भाऊ एकदम उभा राहिला. त्याला काही कळेना. चुकलं असेल म्हाताऱ्याचं, मनात ठेवू नका, असं तो एकेकापुढं जाऊन म्हणू लागला, आमची क्षमा मागू लागला. त्याला खरं काय ते सांगायला मलाही शब्द सुचेनात, आणि मी मास्तर होतो. किसननं झोपलेली मुलगी सखरामायच्या ओटीत ठेवली, उठला, अंगण ओलांडून गेला आणि त्या म्हाताऱ्या भावाच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.